अंगठ्याचं माप

तापकीर गल्लीत, वायरच्या भेंडोळ्यांमधून वर जाणारा जिना,
तिसऱ्या पायरीवर डोकं सांभाळायचं.
तिथं माझं टेबल. एक भिंग, बारीक टोकाची सोल्डरगन,
आयोडेक्सच्या रिकाम्या बाटल्यांत स्क्रू.
लोक यंत्राआधी भांडण वर आणतात:
मॅडम, कुठलं भारी?

पडद्याचं कौतुक दुकानदाराला विचारा.
मी मागचं झाकण उघडते.

ही राखाडी वीट.
पडदा शेवाळल्या हौदासारखा,
दिवेलागणीला खिडकीशी जा, नाहीतर खेळ आंधळा.
पण चार सेल घातले की आठवडाभर विसरा.
हडपसरचा एक जण हिला स्कूटरच्या डिकीत
तीन उन्हाळे विसरला होता.
बटण सरकवलं. टिंग.

तिच्याच वेळचा हा दुसरा, रंगीत, आतून उजळणारा.
दिसायला नवरदेव, खायला सहा सेल,
आणि दुपारच्या चहाला पुन्हा भुकेला.
म्हातारपणी याचे कपॅसिटर गळतात,
उघडला की टेबलावर मासळीबाजार.

घडीचा आहे तो शहाणा. मिटला की पडद्याला ओरखडा नाही.
फक्त सगळा भार बिजागरीच्या एका कोपऱ्यावर,
भेग तिथूनच निघते, दर वेळी तिथूनच.
काढणाऱ्यानं दार पाहिलं होतं,
दार आपटणारं पोर पाहिलं नव्हतं.

काळा चकचकीत: देखणा, पण पोटात पिठाची गिरणी,
चकती फिरली की घर्रर्र.

मुठी सुटणारा: एक तुला, एक मला, भावंडांसाठी झकास.
वर्षभरात काठी वाहवते,
हात न लावता पडद्यावरचा माणूस डावीकडे चालू लागतो,
गॅस बंद करायचा राहिल्याचं आठवावं तसा.

आणि हा थोरला. वजन पाऊण किलोच्या जरा आत,
पंखा असा की शेजारचा बल्बवाला वळून बघतो.
स्क्रू सगळे साधे, म्हणून मी त्याला नमस्कार करते.
पुढे बॅटरी गोंदानं चिकटवलेली दिसते,
नमस्कार परत घेते.

एवढं सगळं मी टेमगिरेंनाही ऐकवत होते, गुरुवारी.
त्यांनी मध्येच उजवा हात टेबलावर ठेवला.
तर्जनी नव्हती. मधलं बोट एका पेरापुरतं.
"भोसरीला, प्रेसमध्ये," म्हणाले,
जसं कुणी स्टॉपचं नाव सांगतं.
"अंगठा आहे. यातलं कुठलं अंगठ्यावर भागेल?"

माझी गिरणी थांबली.
खांद्यावरची बटणं, सगळी, तर्जनीसाठी.
इतकी यंत्रं उघडली,
दहा बोटांचा हिशेब कुणी धरला होता
हे कधी दिसलं नव्हतं.

वीट दिली. दोन बटणं, दोन्ही अंगठ्याची.
दहा मिनिटं ठोकळे रचले, मग खाली ठेवली.
"हे झालं लहानपणचं. मला गाडी पळवायचीय."
गाडीचा ॲक्सिलरेटर उजव्या खांद्यावर.

मग थोरला उलटा केला.
पाठीला चार जादा बटणं आहेत त्याच्या,
मुठीच्या बेचक्यात, जिथं अनामिका टेकते.
मी कायम हसायचे: हौसेला मोल नाही, म्हणून.
सेटिंगमध्ये शिरले,
ॲक्सिलरेटर उचलून तिथं नेऊन ठेवला.

वजन त्यांनी गुडघ्यावर तोललं.
पहिल्या वळणाला गाडी कठड्यावर,
दुसऱ्याला गवतात,
तिसऱ्याला टेमगिरे खुर्चीसकट उजवीकडे झुकले.
बल्बवाला उठून आला आणि काहीच बोलला नाही.

किंमत ऐकून म्हणाले, बोनसनंतर बघू.
घासाघीस केली, दोनशे कमी करायला लावले
अजून न घेतलेल्या वस्तूचे.

हल्ली कुठलं भारी विचारलं की म्हणते, हात दाखवा.
परवा एका मुलानं उताणा धरला,
ज्योतिष्यापुढे धरावा तसा, जरा घाबरून.
म्हटलं, रेषा नकोत रे.
पालथा कर. अंगठा ताण.
आणि पट्टी लावली.